ताई, किड्यांची नावं लावायला शिकवलंत, थँक्यू

ताई, तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण आभार मात्र चारचौघांतच मानणार.

आपल्याकडे सूत्रकृमी (नेमॅटोड, धाग्यासारखे बारीक किडे) म्हटलं की लोकांना डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठीच आठवतात, मातीत मोकळे फिरून बॅक्टेरिया खाणारे बिचारे कुणाच्या खिजगणतीत नाहीत. त्यात जेमतेम मिलिमीटरभर लांब, दिसायला सगळे सारखेच, आणि हाताला नुसती पिल्लं लागली तर मायक्रोस्कोपखाली बघून स्पीशीज सांगणं जवळपास अशक्य. माझ्या आजूबाजूचे सगळे म्हणायचे सीओआय जीन लाव, डीएनएवरून प्राणी ओळखायचा बारकोड तोच, आणि इकडे जेलवर बँडच दिसेना, म्हणजे त्या जीनच्या कॉपीच होत नव्हत्या. तुम्ही फोनवर हसलात, म्हणालात अगं ते नेहमीचे प्रायमर (जीनची कॉपी सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) बऱ्याच सूत्रकृमींना नीट बसतच नाहीत, आधी 18एस हा रायबोसोमचा जीन घे. आणि एकच किडा डीएनएसाठी प्रोटीनेज के या एन्झाइममध्ये विरघळवायचा असेल तर त्याआधी त्याचा व्हिडिओ काढ, नंतर तोंड, शेपूट काहीच बघायला मिळणार नाही. एवढी साधी गोष्ट, पण कुठल्या प्रोटोकॉलमध्ये ठळक लिहिलेली मला तरी दिसली नव्हती.

18एसने बँड आला, पण ब्लास्टमध्ये (आपला सीक्वेन्स डेटाबेसशी जुळवून बघायचं टूल) अ‍ॅक्रोबेलॉइडीजच्या दोन-तीन स्पीशीज सारख्याच मॅच होत होत्या. वरचं नाव उचलायचा मोह झालाच होता. तुम्ही म्हणालात, 18एस फार हळू बदलतो, जवळच्या स्पीशीज त्यात वेगळ्या दिसतीलच असं नाही, शिवाय जेनबँकेत, म्हणजे त्या डेटाबेसमध्ये, कुणी चुकीचं नाव टाकलं असेल तर तेच तुझ्या गळ्यात पडेल. जीनस लिही, पुढे 'स्पी.' (स्पीशीज ठरलेली नाही) लाव आणि गप्प बस. (हे 'गप्प बस' मी टेबलावर चिकटवलंय.)

कुजलेल्या पेरूंखालच्या किड्याचं तर सगळं श्रेय तुमचंच. आयटीएस-2 हा डीएनएचा दुसरा एक तुकडा सिनोरॅब्डायटिस ब्रिग्सीशी जुळला म्हणून मी नाचत होते, तुम्ही म्हणालात थांब, आधी क्रॉस लाव, ओळखीच्या ब्रिग्सीशी संकर करून बघ. एएफ16 हा त्याचा जगभर वापरला जाणारा स्ट्रेन (लॅबमधला वाण) मूळचा आपल्या शेजारच्या अहमदाबादचा, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. त्याचे नर आमच्या उभयलिंगी किड्यांसोबत ठेवले, पिल्लांत निम्मे नर निघाले (म्हणजे संकर झाला) आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं झाली, मग कुठे तुम्ही "आता लिही" म्हणालात.

कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे 80ला ठेवलंय. तुमच्या लॅबला हवं असेल तर नुसता मेसेज टाका, पाठवते.