रिझोल्यूशनच्या आकड्यावरून दर्जा ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत बोंडअळीला मारणाऱ्या प्रथिनाच्या रचनेवरील लेख वाचला. लेख चांगला आहे. परंतु ‘रिझोल्यूशन १.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे रचना अचूक’ हे त्यातील विधान दुरुस्त व्हायला हवे. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ते विखुरतात (विवर्तन) आणि चित्रात ठिपके उमटतात; त्या ठिपक्यांची मोजमापे संशोधकाने किती बारीक तपशिलापर्यंत वापरली, एवढेच हा आकडा सांगतो (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग; आकडा लहान तितका तपशील बारीक); ती भरवशाची होती की नाही, हे नाही. आमच्या भागात नुसता धागा लांब आहे म्हणून कापसाला भाव मिळत नाही, ओल मोजतात आणि कवडीही (खराब, पिवळा पडलेला कापूस) पाहतात.

खरी परीक्षा असते ती चित्राच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत बारीक तपशिलाच्या पट्ट्यात, कारण तिथले ठिपके सर्वांत फिके असतात. एकाच ठिपक्याची अनेक मोजमापे आपसांत किती जुळतात, हे पाहण्यासाठी वर्षानुवर्षे ‘आर-मर्ज’ हे माप वापरले गेले (आकडा कमी तितकी मोजमापे चांगली); पण ठिपका जितक्या जास्त वेळा मोजावा तितका हा आकडा वाढतो, म्हणजे अधिक मेहनत घेणाऱ्याचीच मोजमापे वाईट दिसतात! ‘आर-मीस’ या सुधारित मापाने हा दोष काढला. पुढे २०१२ मध्ये कार्प्लस आणि डीडरिक्स या संशोधकांनी ‘सीसी-हाफ’ सुचवले : मोजमापांचे यादृच्छिकपणे दोन भाग करायचे आणि त्यांच्या सरासरींचा सहसंबंध काढायचा; तो एकाच्या जितका जवळ, तितकी मोजमापे भरवशाची. ठिपक्यांची तीव्रता मोजमापातील अनिश्चिततेच्या दुपटीखाली गेली की पुढची मोजमापे टाकून द्यायची, ही जुनी रीत उपयुक्त माहितीही फेकून देते, हे त्यांनी दाखवले. आमच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांत मात्र अजून आर-मर्जच गिरवले जाते, याचे वाईट वाटते.

पूर्णतेकडेही, म्हणजे अपेक्षित ठिपक्यांपैकी किती टक्के मोजले गेले याकडेही, असेच दुर्लक्ष होते. एकूण पूर्णता ९५ टक्के असूनही, आतले अतिप्रखर ठिपके डिटेक्टरच्या क्षमतेबाहेर गेल्यामुळे नेमके तेच गळाले असतील, तर ज्यावरून रचना आखतात तो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा बिघडतो. स्फटिक गोठवताना बर्फ धरला असेल, तर चित्रात ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवर गडद कडी दिसतात आणि तिथली मोजमापे संशयास्पद ठरतात. शोधनिबंधाच्या अंतिम तक्त्यातल्या सरासरीत हा दोष दिसेलच असे नाही.

हे तपासायला इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनपर्यंत (प्रखर क्ष-किरण देणारे यंत्र) जाण्याची गरज नाही. प्रोटीन डेटा बँक या प्रथिन-रचनांच्या खुल्या संग्रहात २००८ पासून रचनेसोबत विवर्तनाची मोजमापे देणे बंधनकारक आहे आणि प्रत्येक रचनेचा पडताळणी अहवाल विनामूल्य मिळतो. तालुक्याच्या महाविद्यालयातही, वीज आणि इंटरनेट असेल त्या तासाला, तो उघडता येतो. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत असा एक अहवाल वाचणे विद्यापीठाने सक्तीचे करावे, आणि आपणही यापुढे रचनेची बातमी देताना रिझोल्यूशनसोबत बाहेरच्या पट्ट्यातील सीसी-हाफ आणि पूर्णता छापावी, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक
दर्यापूर, जि. अमरावती