भाषणाआधी उठून गेलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

सेवापूर्तीच्या कार्यक्रमात तुम्ही शाल-श्रीफळ घेतलं, फोटोपुरत्या उभ्या राहिलात आणि भाषणं सुरू व्हायच्या आत पोषण आहाराच्या खोलीत जाऊन बसलात. केंद्रप्रमुख साहेबांनी माईकवरून दोनदा नाव पुकारलं, तरी आला नाहीत. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम जाहीर. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, आलेले नवे शिक्षक आता आपल्या तालुक्यात पहिली-दुसरीचे वर्ग घेत आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते कुठल्या परिपत्रकात सापडायचं नाही, ते त्यांच्याही वाचनात यावं.

मी शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक, म्हणून रुजू झालो तेव्हा पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर होत्या. शाळा द्विशिक्षकी. डी.एड.ला, म्हणजे शिक्षक पदविकेला, पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर हे मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पाच-पाच गुणांच्या टिपा म्हणून भेटले होते. साक्री तालुक्यातल्या त्या खोलीत त्यांचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी अडचण मांडली. बाकीच्यांनी सहानुभूती दाखवली. तुम्ही विचारलंत, "तुमच्या वर्गात येऊन बसू का?"

आलात आणि मागच्या भिंतीशी पोरांच्या रांगेत खाली बसलात. मला वाटलं होतं, माझं पाठाचं टाचण तपासाल, फलकलेखनाबद्दल काही बोलाल. तुमच्या वहीत मात्र माझ्याबद्दल ओळ नव्हती. मुलं जे जे 'चुकीचं' बोलली आणि लिहिली, ते जसंच्या तसं उतरवून घेतलेलं होतं. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून तुम्ही एकेक उत्तर माझ्यापुढे ठेवलंत आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारलात, "हिनं असं का लिहिलं असेल?"

पहिलं उत्तर होतं ५२ वजा २७ बरोबर ३५. दुसरीतल्या अर्ध्याअधिक वर्गाचं उत्तर तेच होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एका मुलीला जवळ घेतलंत आणि बरोबर-चूक काहीच न म्हणता, कसं केलंस ते सांग, म्हणालात. ती म्हणाली, "मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना? सातातून दोन गेले, पाच." सातावर दोन की दोनावर सात, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. नियम तिनं तंतोतंत पाळला होता, आणि तो नियम आम्ही सगळे शिक्षक पहिलीपासून उठता-बसता सांगत असतो.

मग तुम्ही तुऱ्हाटीच्या काड्या काढल्यात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." तिनं आधी दोन गठ्ठे उचलून दिले. सात सुट्या द्यायच्या तर हाताशी दोनच. थोडा वेळ गठ्ठ्यांकडे पाहत राहिली, मग स्वतःहून एकाची सुतळी सोडली. बारा झाल्या, त्यातल्या सात दिल्या. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. मी उभ्या मांडणीकडे वळणार, तेवढ्यात तुम्ही हातानंच थांबवलंत. आधी तिला तिनं केलेलं तिच्या पद्धतीनं लिहू दिलंत: ५२ मधून २० गेले, ३२. त्यातून ७ गेले, २५. काड्या हातात असल्या की मुलं दशकापासून सुरुवात करतात आणि कागदावर आपण त्यांना एककापासून सुरू करायला लावतो, हे मी तोवर पाहिलेलंच नव्हतं. उसना घ्यायची मांडणी तुम्ही पुढच्या आठवड्यात घेतलीत, मधे काड्यांची चित्रं काढून. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. ब्रूनरची टीप मला पाठ होती, पण ती घडताना पहिल्यांदा तिथे दिसली.

२०५ ला २००५ लिहिणारा एक मुलगा होता. दोनशे लिहिले, त्यापुढे पाच लिहिले, त्याच्या लेखी विषय संपला. तुम्ही २०० चं लांब कार्ड आणि ५ चं आखूड कार्ड केलंत आणि पाच शेवटच्या शून्यावर सरकवला. त्यानं ते कार्ड उचलून खालचं शून्य अजून आहे का ते तपासलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. त्या पोराला स्थानिक किंमत समजावताना माझा घसा दुखला होता.

आणि आपला एकोणतीस! कानावर 'तीस' पडतो, म्हणून मूल तीन लिहितं, पुढे नऊ. झाले एकोणचाळीस. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांसारख्या गणितातल्या जाणत्या बाई समजावून सांगत होत्या, आणि लोक विनोद करण्यात दंग होते. तुम्ही त्या वादात एक शब्द बोलला नाहीत. तुमच्या वर्गात मुलं गठ्ठे बघून आधी 'दोन दशक नऊ' म्हणायची आणि मग 'एकोणतीस', असं आधीपासूनच चालू होतं. दोन्ही नावं येत असली की बिघडतं काय, एवढंच तुमचं म्हणणं.

वाचनाचं मात्र सविस्तर लिहायलाच हवं. पहिलीतली एक पोरगी पुस्तकातल्या 'माझी आई' वर बोट ठेवून खणखणीत वाचायची, "मन्ही माय." वर्ग हसायचा. तुम्ही हसणाऱ्यांना विचारलंत की तिला कळलं की नाही कळलं? कळलं होतं. अर्थ तिच्याजवळ पोचला होता, फक्त अक्षरांना वगळून. तुम्ही तिला सांगितलंत, "बरोबर, तुझी मायच. आता बघू, पुस्तकवाल्यानं तिला कोणत्या अक्षरानं हाक मारलीय." आणि बोट 'आ' वर नेलंत. त्या दिवसापासून वर्गात एक मोठा कागद लागला. मुलं अहिराणीत जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत वर लिहायचं, खाली तेच पुस्तकातल्या मराठीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेवर भर आहे. पण तो कागद भिंतीवर लागेपर्यंत ती सगळी वाक्यं माझ्यासाठी परीक्षेपुरतीच होती.

अंदाजानं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे, हेही तुम्हीच बजावलंत. अर्थावर भर देणारे अक्षरांचा कंटाळा करतात आणि अक्षरं घोटून घेणारे अर्थाचा, असं तुम्ही चिडून म्हणायचात. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचं जे काम केलं, त्याबद्दल तुमच्याकडून तासन्‌तास ऐकलं. सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत काना-वेलांटी राखून ठेवायची नाही. थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकदम द्यायचं. क, म, न आणि काना, बस. काका, मामा, कान, नाक, मान, मका, काम. आठवडाभरात मूल खरे शब्द वाचायला लागतं. ग, म, भ, न या क्रमाचा लिहिताना उपयोग आहे, वळण सारखं पडतं. पण वाचायला बसलेल्या मुलाच्या हातात त्यातून शब्द फार उशिरा पडतात.

एका बाबतीत माझं तुमच्याशी अजूनही जमत नाही. तुम्ही पाढे रोज म्हणून घेता, तालासुरात, अगदी जुन्या गुरुजींसारखे. रचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार, म्हणजे पाठांतराला सुट्टी असं कुणी सांगितलं, हा तुमचा सवाल. दहापर्यंत मला मान्य. त्यापुढचे पाढे दुसरीतच हवेत कशाला, हे तुम्ही मला पटवू शकला नाहीत आणि मी तुम्हाला. असो.

२०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाची लाट आली तेव्हा गावोगाव वर्गांच्या फरशा रंगल्या. संख्यारेषा, शब्दडोंगर, सापशिडी. काही शाळांत खरंच मुलं त्या फरशीवर शिकली. काही ठिकाणी भेट देणाऱ्यांचे बूट तेवढे तिच्यावरून फिरले. तुमच्या वर्गात रंग नव्हता, काड्या आणि चिंचोके होते. त्यावर कुणी टोकलं तर तुम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांची गोष्ट सांगायचात. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालशिक्षण गरिबाच्या अंगणात नेलं, महागडी माँटेसरी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख-शिंपले वापरले. मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर कुरणशाळा काढून शाळाच कुरणात नेली.

त्याच बळावर तुम्ही मला उसाच्या हंगामाला तोंड द्यायला शिकवलंत. दिवाळीनंतर आपल्याकडची कुटुंबं गुजरातेत तोडीला जातात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापांबरोबर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. आल्यावर त्यांना 'दुसरीचा अभ्यास' देणं म्हणजे पहिल्या पायऱ्या नसलेल्या जिन्यावर चढवणं. रोज एक तास इयत्ता विसरून, ज्याला जे येतं त्यावरून गट करायचे, ही तुमची पद्धत. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहण्या २००५ पासून मुलाला इयत्तेऐवजी काय वाचता येतं तेच विचारत आल्या आहेत आणि आता पायाभूत वाचन-गणिताच्या 'निपुण' या सरकारी अभियानातही स्तरनिहाय गट आले आहेत. पण गट करताना 'कच्चे' हा शब्द वर्गात उच्चारायचा नाही, ही अट तुमची. ती अजून पाळतो.

पॅरिसमध्ये तरुण पियाजेंकडे मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम आलं होतं. बरोबर उत्तरं मोजायची सोडून ते चुकीच्या उत्तरांत रमले, कारण एका वयाची मुलं सारख्याच तऱ्हेनं चुकत होती. हे मी नंतर वाचलं आणि पहिल्यांदा तुमची वही आठवली. तसली वही आता मीही ठेवतो. आपल्या केंद्रातले आणखी काही जण ठेवू लागले आहेत आणि शिक्षण परिषदेत चहानंतर आम्ही एकमेकांच्या वह्यांतली उत्तरं फोडत बसतो. माहिती भरण्याच्या कामातून वेळ उरला तर, अर्थात.

बाई, मनापासून आभार. माझे, आणि ज्यांना तुमचं नावही माहीत नाही अशा माझ्या वर्गातल्या पोरांचे.

आता कामाचं. पहिलीतला एक मुलगा चिंचोके बिनचूक मोजतो, अगदी वीसपर्यंत. पण "किती झाले?" विचारलं की उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजायला लागतो. शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नसावं असा माझा अंदाज. मुख्याध्यापक म्हणतात, तो नुसता लाजतोय. तुम्ही काय विचाराल त्याला? फोन केलात तरी चालेल, पण शाळेच्या वेळात नको, तुमचाच नियम आहे.

आपला,
नाल्यापलीकडच्या शाळेतला शिक्षक