क्राउन हिलचा शेतकरी मुख्यमंत्री

बॅरी, ऑन्टारिओ, कॅनडा

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

"तिकडं तरी शेतकऱ्याला कोण विचारतं का?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर एवढं सांगणं झालं नसतं, म्हणून लिहितो.

इथून जवळच क्राउन हिल नावाचं खेडं आहे. तिथला अर्नेस्ट ड्रुरी हा शेतकरी १९१९ साली या प्रांताचा मुख्यमंत्री झाला. अगदीच फाटका नव्हता म्हणा. वडील प्रांताचे पहिले कृषिमंत्री, आणि हा स्वतः ग्वेल्फच्या शेती कॉलेजातून शिकलेला. पण राहायचा शेतावरच.

झालं असं, की पहिल्या महायुद्धात केंद्र सरकारनं शब्द दिला होता, शेतकऱ्यांच्या पोरांना सक्तीनं सैन्यात नेणार नाही. १९१८ च्या वसंतात, ऐन पेरणीच्या तोंडावर, तो फिरवला. हजारो शेतकरी राजधानी ओटावावर धडकले, कुणी दाद दिली नाही. राग निघाला पुढच्या वर्षी, प्रांताच्या निवडणुकीत. इथल्या शेतकरी संघटनेचेच सगळ्यात जास्त आमदार आले आणि पंचाईत झाली, नेताच नाही! ड्रुरी तर उभासुद्धा नव्हता. त्यालाच धरून आणला, मजूर पक्षाला सोबत घेतलं, आणि आमदार तो नंतर पोटनिवडणुकीत झाला.

विधवा आयांना भत्ता, बायकांना किमान मजुरी, ही कामं त्याच्या काळातली. मला मात्र त्याची झाडं आवडतात. पाइनची जंगलं तोडून इथली जमीन नुसती वाळू झाली होती, वाऱ्यानं शेतं उडायची. १९२२ पासून सरकारनं आणि सिमको काउंटीनं (काउंटी म्हणजे जिल्हाच) मिळून तिथं लाल पाइन लावले. मी जाऊन पाहिलं, उसाच्या सरीसारख्या सरळ रांगा, आणि पाचोळा पायानं सारला की खाली अजून तीच वाळू.

१९२३ ला सरकार गेलं. दारूबंदी शहरांना खुपली हे खरं, पण माझ्या मते घात घरच्यांनीच केला. ड्रुरीला पक्षात इतरांनाही घ्यायचं होतं. संघटनेचा सेक्रेटरी मॉरिसन म्हणे, पक्ष शेतकऱ्यांचाच राहील. तिकडच्या शेतकरी संघटनेनं निवडणुकीत उतरावं की नाही यावर आपल्या ओट्यावर तुम्ही मंडळी रात्र-रात्र भांडायचात, ते आठवलं. ड्रुरी परत शेतावर गेला, पुढं काउंटीचा शेरीफ झाला, नव्वदीत वारला.

ऊसतोडीची टोळी आली का, कळवा. आईस नमस्कार.

आपला,
बाळू