सही माझी होती

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बाबांना पाठवलेली मेल त्यांनी मला दाखवली नव्हती. दोन वेळा विचारूनही ते विषय बदलू लागले, तेव्हा मीच ती उघडून वाचली. मला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा एवढ्या घाईत स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकायला होकार कसा दिला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत का घेतलं नाही, मला एक फोन करता आला नाही का, ऑक्सिजन का लावला नाही, हे सगळं तू त्यांना विचारलंस. चुकीच्या माणसाला विचारलंस रे. त्या संमतीपत्रावर सही माझी आहे. मी शुद्धीवर होते, बोलत होते, मला समजत होतं. मग उत्तरंही मीच द्यायला हवीत.

बाबांनी जे ठरवलं ते एकच, आणि ते आधी लिहिते. मला जबड्यात आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखत होतं, मळमळत होतं, कपडे भिजतील इतका थंड घाम सुटला होता. छातीवर हात ठेवून कोसळण्याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, तसं काही नव्हतं. बायकांमध्ये झटका असा आडवळणाने येणं काही फार दुर्मीळ नाही. शेजारी गाडी काढून दारात उभे होते, तरी बाबांनी रुग्णवाहिकाच बोलावली. झटक्याच्या पहिल्या तासा-दोन तासांत हृदयाची लय कधीही बिघडू शकते. मग हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. तेव्हा शॉक द्यावा लागतो, आणि तो गाडीच्या मागच्या सीटवर कोण देणार? शिवाय रुग्णवाहिकेतच माझा ईसीजी काढला गेला आणि पुढे पाठवला गेला. आम्ही पोहोचायच्या आत कॅथलॅबमधली, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत नळी घालतात त्या खोलीतली, माणसं कामाला लागली होती.

शेजाऱ्यांनी जिभेखाली ठेवायची गोळीही आणली होती. रुग्णवाहिकेतल्या मुलाने ती बाजूला ठेवली. तेव्हा मला त्याचा रागच आला. पण माझा झटका हृदयाच्या खालच्या भिंतीचा होता. अशा झटक्यात कधी कधी उजवा कप्पाही सापडतो, आणि मग ती गोळी रक्तदाब धाडकन खाली आणते. ईसीजीच्या पट्ट्या छातीच्या उजव्या बाजूला पुन्हा चिकटवून त्याने हेच तपासलं. अ‍ॅस्पिरिन मात्र लगेच दिली, 300 मिलिग्रॅम, आणि गिळू नका, चावा म्हणून बजावलं. चावली की लवकर रक्तात उतरते. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सतरा हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात या साध्या गोळीने मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी झाले होते.

ऑक्सिजनचं उत्तर छोटं आहे. माझ्या रक्तात तो पुरेसा होता. पातळी नव्वदच्या खाली नसेल तर नुसता मास्क लावून फायदा होत नाही, हे 2017 साली स्वीडनमधल्या सहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं आहे. न लावणं हा हलगर्जीपणा नव्हता.

आता तातडीच्या कक्षाबद्दल. तू लिहिलंस की तिथे कोणाचा कोणाला पत्ता नव्हता, आईला तेच तेच प्रश्न विचारत होते. हे तुला बाबांनी सांगितलं असणार, आणि बाहेरून ते तसंच दिसलं असेल. स्ट्रेचरवरून पाहिलेलं वेगळं आहे. एकीने बाही कापली, एकाने सुई टोचली, तिसरी पाय दाबून सूज बघत होती, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते, त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावरून. हो, प्रश्न तेच होते. पूर्वी रक्तस्राव झाला होता का, पोटात अल्सर, अर्धांगवायू, नुकतंच काही ऑपरेशन, रक्त पातळ करायची औषधं, किडनीचा त्रास, कशाची अ‍ॅलर्जी. पाठीतलं दुखणं कसं आहे, हे तर तीन जणांनी विचारलं. फाडल्यासारखं आहे का? एकदम सुरू झालं की वाढत गेलं? शेवटी मी वैतागून म्हटलं, अहो, आत्ताच सांगितलं ना.

पण माझं दुखणं खांद्यांच्या मधोमध होतं, आणि तिथे दुखण्याचं आणखी एक कारण असू शकतं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं तरी असंच दुखतं, आणि त्यातही ईसीजी कधी कधी झटक्यासारखा दिसतो. झटक्यात रक्त पातळ करायचं औषध जीव वाचवतं. त्या दुसऱ्या दुखण्यात तेच औषध जीव घेऊ शकतं. म्हणून दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला आणि तो सारखा आहे ना हे पाहिलं, सोनोग्राफीचं यंत्र छातीवर फिरवलं, आणि म्हणूनच तो प्रश्न पुन्हा पुन्हा. घाबरलेला माणूस पहिल्यांदा काहीही उत्तर देतो. तिसऱ्यांदा मी दिलेलं उत्तर पहिल्यापेक्षा नीट होतं, हे मला स्वतःलाच जाणवलं.

रक्तातल्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट यायच्या आधीच मला आत का नेलं, असंही तुझं म्हणणं. तो पदार्थ हृदयाचा स्नायू मरायला लागल्यावर रक्तात उतरतो आणि नीट वाढायला काही तास लागतात. ईसीजीत रेषा स्पष्ट वर उचललेली दिसत असताना रिपोर्टची वाट बघणं म्हणजे स्नायू मरण्याची वाट बघणं. रक्त अडल्यावर अर्ध्या तासाच्या आतच आतल्या थरातला स्नायू कायमचा जायला लागतो, आणि मग हे नुकसान तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकतं. गेलेला भाग परत येत नाही.

सहीचं आता. एक तरुण डॉक्टर, तुझ्याहून लहानच असेल, माझ्या चेहऱ्याशी वाकला. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आहे, मनगटातून नळी घालून ती उघडायची आहे, असं म्हणाला. धोके त्याने झटपट पण सगळे सांगितले: रक्तस्राव, अर्धांगवायू, एक्स-रेत वाहिनी दिसावी म्हणून सोडायच्या रंगद्रव्यामुळे किडनीला त्रास, क्वचित मृत्यू. मी विचारलं, दुसरा मार्ग? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तो म्हणाला, पण त्याने शंभरात सुमारे एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि वाहिनी दर वेळी पूर्ण उघडतेच असं नाही. कॅथलॅब दोन तासांहून लांब असती तर तेच दिलं असतं. लॅब वरच्या मजल्यावर होती. मग मी विचारलं, आणि काहीच केलं नाही तर? त्याने नजर न चुकवता उत्तर दिलं. मी पेन मागितलं.

तुला फोन केला असता तर तू काय विचारलं असतंस? हेच तीन प्रश्न. ते विचारून झाले होते.

कॅथलॅब भयंकर थंड असते, हे मात्र कोणी सांगत नाही. मनगटात सुन्न करण्याचं इंजेक्शन, मग दंडात काहीतरी सरकल्याचा भास, बाकी वेदना नाही. पडदा मला दिसत होता. काळं रंगद्रव्य उजव्या रक्तवाहिनीत शिरलं आणि मध्येच थांबलं, तोडलेल्या फांदीसारखं. पुढे काहीच नव्हतं. नळीतून नेलेला बारीक फुगा तिथे फुगवला आणि थोड्या वेळाने पुन्हा रंग सोडला, तेव्हा खालपर्यंतच्या बारीक फांद्या उमटल्या. जबड्यातलं दुखणं तिथल्या तिथे ओसरलं. त्याच क्षणी मॉनिटर ओरडायला लागला, नाडी खाली गेली, कोणीतरी सलाईनमध्ये औषध सोडलं, आणि डोक्याशी उभी असलेली नर्स म्हणाली, वाहिनी उघडली की असं होतं, घाबरू नका. मी घाबरले. तिचा हात मात्र खांद्यावर होता.

बरी झाल्यावर वाचलं की 1929 साली वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच आत ठेवून एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला. आजच्या कुठल्याही समितीने त्याला परवानगी दिली नसती. हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला फुगा फुगवला तो आंद्रेयास ग्रुंत्सिगने, 1977 साली झुरिकमध्ये. म्हणजे माझ्या लहानपणी मला हे दुखणं झालं असतं, तर अंथरुणावर पडून राहणं आणि वेदना मारणं याच्या पलीकडे फारसं काही हाती नव्हतं.

तुझ्या रागात एक गोष्ट खरी आहे. मला आत नेल्यावर बराच वेळ बाबांना कोणी काही सांगितलं नाही. ते खालच्या मजल्यावर बंद दाराकडे बघत उभे होते आणि मी वर होते. आत इतकी माणसं होती, त्यातलं एक बाहेर येऊन दोन वाक्यं बोलू शकलं असतं. हे मी जाताना त्यांच्या अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले आहे, सौम्य शब्दांत नाही.

तू पाठवलेले लेखही मी वाचले. गरज नसताना स्टेंट टाकतात, हे त्यांत लिहिलं आहे आणि ते खोटं नाही. 2007 सालची करेज आणि 2020 सालची इस्केमिया, दोन्ही मोठ्या चाचण्यांत औषधं नीट घेणाऱ्या स्थिर रुग्णांना वरून स्टेंट टाकून मृत्यू कमी झाले नाहीत. पण स्थिर हा शब्द तू वाचताना गाळलास. नुकताच झटका आलेल्यांना इस्केमियाच्या चाचणीत घेतलेलंच नव्हतं. मागच्या वर्षीची माझी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी, नॉर्मल होती, त्याचंही कोडं तिथेच सुटतं. ती चाचणी रक्त अडवण्याइतका मोठा अरुंदपणा पकडते. झटका पुष्कळदा अशा ठिकाणी येतो जिथे चरबीचा थर फार पुढे आलेला नसतो, पण त्यावरचं पातळ आवरण फाटतं आणि तिथे गुठळी धरते.

आता जिथे तुझी खरी गरज आहे ते. डावीकडच्या एका वाहिनीतही अडथळा सापडला आहे, मध्यम आहे म्हणतात. त्या दिवशी त्यांनी त्याला हात लावला नाही. पुढच्या वेळी बारीक तारेच्या टोकावरच्या सेन्सरने अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतील. पलीकडचा दाब अलीकडच्याच्या 0.80 पट किंवा त्याहून कमी भरला, तर स्टेंटचा विचार. नाहीतर औषधं. 2019 सालच्या एका चाचणीत असंही दिसलं की मोठ्या झटक्यानंतर असे दुसरे गंभीर अडथळेही उघडले तर पुढचे झटके कमी होतात, तेव्हा "नको" म्हणून मोकळं होणंही आपोआप शहाणपणाचं ठरत नाही. या निर्णयाला मात्र वेळ आहे. इथे दुसरं मत घेऊ, तिसरंही घेऊ, माझी अँजिओग्राफीची सीडी तू म्हणशील त्या डॉक्टरांना दाखवू.

तोवर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही थांबवायची नाही, दात काढायचा असला तरी. तपासणीच्या दिवशी तू फोनवर बरोबर राहा. प्रश्न आधी लिहून पाठव, पण पानभर नकोत. तिथे मला तीन-चारच विचारता येतात, आणि त्यातला एक माझा स्वतःचा आहे.

तुझी,
आई