नहाणीखालचे पाणी आणि छताची बुरशी: वॉरंटीतील कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (वॉटरप्रूफिंग)

विषय: सदनिका ६०२ च्या बाथरूमचे काम फसल्याने ५०२ च्या छताला व कपाटाला धरलेली बुरशी

महोदय,

एप्रिलमध्ये आपल्या माणसांनी ६०२ च्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग सहा दिवसांत उरकले आणि सात वर्षांची वॉरंटी दिली. जुलैमध्ये बरोबर त्याच बाथरूमखाली, ५०२ च्या छताला काळे-हिरवे ठिपके उठले. आता भिंतीतल्या कपाटाची मागची प्लायही फुगून कुबट वास मारते आहे. हे पत्र वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही सदनिकाधारकांचे मिळून आहे. त्यामुळे 'आधी वरच्यांशी बोलून घ्या' हे उत्तर या वेळी चालणार नाही.

'हवा दमट आहे, खिडकी उघडी ठेवा,' असे आपले इंजिनिअर पाहणीनंतर म्हणाले. त्यावर आम्ही छताला दीड फुटी चौकोनी जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून ४८ तास ठेवले. दोष हवेचा असता तर थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले असते. ते आले प्लास्टिक आणि छत यांच्या मधे, म्हणजे ओल स्लॅबमधूनच येते. शिवाय डागाची कड वरच्या बाथरूमच्या चार बाय सात फुटांशी जुळते. दमट हवेला वरच्या घराचा नकाशा पाठ नसतो.

पुढची तपासणीही प्लंबरकडून करून घेतली आहे. नळाच्या लाइनला टेस्ट पंप लावला, तासभर काटा हलला नाही. नहाणी ट्रॅपचे (फरशीतल्या पाण्याच्या निचऱ्याच्या भांड्याचे) तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी ४८ तास साठवले, पातळी टिकली. मग तोंड उघडून ट्रॅपमध्ये दोन बादल्या निळीचे पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५०२ च्या छतावर, ट्रॅपच्या बरोबर खाली, निळसर वलय उमटले. फरशी पाणी धरते, गळतो तो ट्रॅपचा सांधा. जुना ट्रॅप न बदलता त्याच्या काठापर्यंत कोटिंग ओढून सोडून दिलेले आहे.

खरी चूक याहून खाली आहे. कोटेशनमध्ये 'जुना कोबा स्लॅबपर्यंत काढून' असे स्पष्ट लिहिले आहे (कोबा म्हणजे फरशीखालचा विटांच्या तुकड्यांचा भराव). ट्रॅपजवळची एक टाइल काढून पाहिले तर कोटिंगखाली जुनाच कोबा आहे. विटेचा तुकडा अंगठ्याने दाबला की पाणी सुटते. म्हणजे फक्त फरशी उखडली आणि ओल्या कोब्यावरच कोटिंगचे दोन हात मारले. असे कोटिंग वरचे पाणी आत येऊ देत नाही, पण आतले वर सुकूही देत नाही. फरशीखालचा कोबा भरलेला खड्डा फूटभर खोल धरला तरी २८ घनफूट, म्हणजे सुमारे ७९० लिटरची जागा झाली. तिच्या दहाव्या हिश्श्यात जरी पाणी असले तरी ऐंशी लिटर पाण्यावर आपण झाकण बसवले आहे. त्याला वाट उरली ती फक्त खालची.

तक्रारीनंतर ५०२ मध्ये जे केले ते तर निव्वळ झाकपाक होते. बुरशीवर ब्लीच फवारले, पुट्टी ओढली, वर 'अँटिफंगल' रंग दिला. तीन आठवड्यांत रंगाला फुगे आले. ब्लीच टाइलवर ठीक आहे. प्लास्टर आणि प्लाय सच्छिद्र असल्याने क्लोरीन वरच्यावर राहते आणि ब्लीचमधले पाणी आत मुरते, जे बुरशीला हवेच असते. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, म्हणून ती खरवडून काढावीच लागते. (कपाटामागच्या भिंतीवरचा पांढरा थर बुरशी नसून खार आहे, हे आम्हालाही मान्य आहे. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो. छतावरचे ठिपके विरघळत नाहीत.)

बुरशीची जात ओळखण्यासाठी वेगळे शुल्क भरून नमुना तपासा, ही आपली सूचना आम्हाला मान्य नाही. रंगावरून किंवा जातीवरून उपाय बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही घरातल्या बुरशीची 'सुरक्षित' पातळी दिलेली नाही. ओल होऊ न देणे आणि झालीच तर काढणे, एवढेच त्या सांगतात. ओलसर घरात खोकला, घरघर, शिंका आणि दम्याचे झटके वाढतात. ५०२ मधल्या याच खोलीत दम्याची रुग्ण झोपत असे. सध्या ती खोली बंद ठेवली आहे.

आमची मागणी रंगकामाची नाही. टाइल आणि कोबा स्लॅब दिसेपर्यंत काढावा, तोही छिन्नी-हातोड्याने, कारण ब्रेकरने स्लॅबला तडे जातात. सळई गंजलेली दिसली तर आधी तिची दुरुस्ती. नहाणी ट्रॅप नवा बसवून त्याच्याभोवती नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणारे) ग्राउट भरावे, कोपऱ्यांना वाटा (गोलाई) काढावा. स्लॅब सुकल्यावर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. ते भिंतीवर फरशीच्या वर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत चढवावे. कोटिंग पक्के झाल्यावर (क्युरिंगनंतर) ७२ तास पाणी साठवून दाखवावे, तेही आमच्यासमोर. मगच नवा कोबा, दर चार फुटांना अर्धा इंच उतार, त्यावर पुन्हा कोटिंग आणि ४८ तासांची दुसरी चाचणी. नुसत्या या दोन चाचण्यांनाच पाच दिवस जातात. एप्रिलमधले सहा दिवसांचे काम कसले होते, ते यावरून कळावे.

खालच्या खोलीत दार प्लास्टिकने बंद करून, छत आधी ओले करून खरवडावे, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. कामगारांना एन-९५ मास्क द्यावेत. कपाटाची मागची प्लाय फेकून नवी लावावी. रंग मात्र प्लास्टिकची चाचणी कोरडी आल्यावरच, मग त्याला महिना लागला तरी चालेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम सुरू झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू. कोटेशन, बिल, वॉरंटी कार्ड आणि तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत.

६०२ ची चावी सोसायटीच्या ऑफिसात मिळेल. पहिल्या दिवशी छिन्नी-हातोडे आणि डेब्रिजच्या गोण्या घेऊन या, रंगाचे डबे नकोत.

आपले,
सदनिका ६०२ व ५०२ चे मालक

प्रत: सचिव, गृहनिर्माण संस्था