फरशी कापणाऱ्या पोरांची छाती कोण तपासणार?

मा. संपादक, नमस्कार.

सध्या जिकडे बघावं तिकडे बांधकामं चालूयत आणि फरशी, ग्रॅनाइट कापणारी पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर धुळीत बसलेली दिसतात. दगडातली सिलिकाची बारीक धूळ रुमालाने अडत नाही, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि त्यातून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही, वर टीबीचा धोकाही वाढतो. हा आजार सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ठेकेदाराकडचा रोजंदारीवाला आज पुण्यात तर उद्या सुरतेत, त्याची नोंद करणार कोण? दम लागायला लागला की तो गावी परततो, तिथे एक्सरे निघतो पण काम काय करत होतास हे बऱ्याचदा कुणी विचारतच नाही आणि टीबी समजून औषधं चालू होतात. राजस्थानने २०१९ मध्ये यासाठी वेगळं धोरण आणलं. आपल्याकडे निदान बांधकाम कामगारांची नोंदणी करतानाच छातीचा एक्सरे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) करा, दरवर्षी परत करा, रिपोर्ट कामगाराच्या हातात द्या. आणि कापताना पाणी सोडलं तर धूळ कितीतरी कमी उडते हो, तेवढी पाण्याची नळी आणि नीट बसणारा एन-९५ मास्क ठेकेदाराने द्यायलाच पाहिजे.

– एक वाचक, पुणे