शुक्रवारची चर्चा : आलेख सोबत आणा

पर्यावरण व भूविज्ञान वर्गातील सर्व विद्यार्थ्यांसाठी,

येत्या शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रयोगशाळेत गटचर्चा होईल. विषय आहे हवेतला कार्बन डायऑक्साइड. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून त्याची मोजणी चालू आहे. तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत.

या मोजणीचा आलेख नुसता चढत नाही, दरवर्षी करवतीसारखा दाताही काढतो: मे महिन्यात शिखर, सप्टेंबरच्या सुमारास तळ. असे का, हे उत्तर गोलार्धातल्या झाडांच्या पानगळीशी जोडून सांगा. खरी गंमत तिथेच आहे.

– प्रत्येकाने एक मुद्दा आणि एक प्रश्न लिहून आणावा. ‘प्रदूषण वाढले’ एवढ्यावर भागणार नाही.
– आकडा दिलात की तो कुठून घेतला तेही लिहा.
– दुसऱ्याचा मुद्दा खोडताना कारण द्या, टिंगल नको.
– मौना लोआ हा ज्वालामुखी, मग तिथली मोजणी ग्राह्य कशी? यावर गट क्रमांक दोनने सुरुवात करावी.

लेखी मुद्दे गुरुवारी दुपारपर्यंत गटप्रमुखाकडे द्यावेत. उशिरा आलेले घेतले जाणार नाहीत.

– विषयशिक्षक